परतीचा दोर आणि पाळण्याचा दोर

परतीचे दोर कापून टाकणे ही आपल्या भाषेत पराक्रमाची खूण मानली जाते. सिंहगडाच्या लढाईत सूर्याजीने दोर कापले, ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो आहोत. मागे फिरण्याची वाट बंद झाली म्हणजे माणूस जिवावर उदार होऊन लढतो, हा त्या कथेचा अर्थ. आणि लढाईपुरता तो खराही आहे. परंतु लढाई संपते, गड हाती येतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गडावर धान्य चढवावे लागते, माणसे न्यावी-आणावी लागतात. त्या कामासाठी पुन्हा दोरच लागतो. पराक्रमाच्या कथेत हा दुसऱ्या दिवसाचा दोर सहसा येत नाही. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे.

ग्रेट ब्रिटनने २३ जून २०१६ रोजी सार्वमत घेतले आणि शेकडा ५२ विरुद्ध ४८ अशा मतांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचे ठरविले. १ जानेवारी १९७३ पासून हा देश त्या व्यापारी कुटुंबात नांदत होता. ३१ जानेवारी २०२० रोजी तो वेगळा निघाला, आणि जुने नियम पाळण्याची मुदत त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला संपली. या वेगळे निघण्यावरून तेथे भांडणे पुष्कळ झाली. पण एकत्र कुटुंब फुटते तेव्हा तंटा शेतावरून आणि वाड्यावरून होतो, आणि खरे घोडे अडते ते देवघरातल्या समया आणि पाटा-वरवंटा कोणी घ्यायचा यापाशी. तेथेही तसेच झाले. अडले ते हजारो लहानसहान नियमांपाशी. त्यांतलाच एक नियम रज्जुमार्गांचा, म्हणजे आपण ज्याला रोपवे म्हणतो त्याच्या सुरक्षिततेचा.

दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावे असे यात काय आहे, असे कोणी विचारील. मला वाटते, आहे. कारण या कोरड्या दिसणाऱ्या कलमांच्या आड एक जुना नैतिक प्रश्न बसलेला आहे. दुसऱ्याकडून घेतलेला नियम आपला केव्हा होतो? आणि ज्या नियमाच्या आधारावर आपण परक्या माणसांचे जीव हवेत लोंबकळत ठेवतो, त्याची जबाबदारी कोणाची?

प्रथम हा नियम काय आहे ते पाहू. रज्जुमार्गांसाठी युरोपचा सामाईक निर्देश २००० साली निघाला. त्याची जागा ९ मार्च २०१६ रोजी मंजूर झालेल्या नव्या नियमाने घेतली, आणि २१ एप्रिल २०१८ पासून तो सर्व सभासद देशांत लागू झाला. काळाची थट्टा अशी की, सार्वमताच्या साडेतीन महिने आधी मंजूर झालेला हा नियम ब्रिटनमध्ये लागू झाला तो निघून जाण्याचे ठरल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी. जाणाऱ्या पाहुण्याने निघता निघता नवा अंगरखा शिवून घ्यावा, तसे हे झाले.

दोर आणि त्यांचे जोड, ओढणारी यंत्रे आणि ब्रेक, पाळणे, विजेची साधने, अडकलेल्या माणसांना खाली उतरविण्याची साधने, अशा प्रत्येक अंगाची तपासणी केवळ बनविणाऱ्याच्या शब्दावर सोडावयाची नाही; एखाद्या मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेने ती पाहिली पाहिजे, आणि उतरली तरच त्या वस्तूवर ‘सीई’ हे चिन्ह उमटावे, अशी त्याची योजना. शिवाय जेथे मार्ग बांधावयाचा त्या जागेचा, वाऱ्यापावसाचा विचार करून संपूर्ण मार्गाच्या धोक्यांचे विश्लेषण करावयाचे. या नियमातले मला सर्वांत आवडलेले तत्त्व म्हणजे त्याने लावून दिलेला क्रम. धोका शक्यतो रचनेतच नाहीसा करा. ते जमणार नसेल तर त्याच्यापासून बचावाची साधने लावा. आणि एवढे करूनही जो धोका उरेल त्याबद्दल कोणती काळजी घ्यावयाची ते लिहून ठेवा. नुसती पाटी लावून मोकळे होणे हे सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुधा आरंभच पाटीने होतो.

आता वेगळे निघाल्यावर ब्रिटनने काय केले? २०१८ साली पार्लमेंटने एक कायदा केला. त्याने युरोपचे चालू नियम एका झटक्यात स्वदेशी कायद्यात ओतले आणि त्यांतल्या विसंगती दुरुस्त करण्याचा अधिकार मंत्र्यांना दिला. मग लेखण्या चालू लागल्या. जेथे युरोपीय आयोग होता तेथे मंत्री आला. एकमताने ठरलेल्या युरोपीय मानकांच्या जागी सरकारने नेमून दिलेली मानके आली. ‘सीई’च्या शेजारी ‘यूकेसीए’ हे नवे चिन्ह जन्माला आले. तपासणी करणाऱ्या संस्थांचे नाव बदलले. आणि सर्वांत गमतीचा बदल असा की, जो दुकानदार काल युरोपातला माल विकणारा साधा विक्रेता होता, तो एका रात्रीत आयात करणारा व्यापारी ठरला. माल तोच, गुदाम तेच, माणूसही तोच. पण आता परमुलखातली वस्तू आत आणल्याची जास्तीची जबाबदारी त्याच्या डोक्यावर बसली.

दोराला मात्र यातले काहीच कळले नाही. वेल्समध्ये लँडडनो नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथून ग्रेट ऑर्म टेकडीवर जाणारा रज्जुमार्ग १९६९ साली सुरू झाला, म्हणजे ब्रिटन युरोपच्या कुटुंबात शिरण्याच्याही चार वर्षे आधी. देश आत गेला, निर्देश आला, नियम आला, देश बाहेर पडला. त्या टेकडीची चढण एवढ्या काळात तसूभरही बदलली नाही. लंडनमध्ये टेम्स नदीवरून जाणारा रज्जुमार्ग २०१२ साली सुरू झाला. त्याची यंत्रसामग्री ऑस्ट्रियातल्या डॉपेलमायर कंपनीची. नदी इंग्लंडची, यंत्र ऑस्ट्रियाचे, आणि पाळण्यात बसणारे सगळ्या जगाचे. पोलादाला राष्ट्रीयत्व नसते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो.

हाच मोह धरून थट्टेखोर म्हणतो, “पाहा, एवढा मोठा खटाटोप करून शेवटी तेच नियम उतरवून घेतले! मग वेगळे निघालात कशाला?” उलट अभिमानी म्हणतो, “नियम तेच असतील. पण आता ते आमचे आहेत. आमच्या पार्लमेंटने केलेले आणि आमच्याच पार्लमेंटला बदलता येतील असे.” दोघांच्याही बोलण्यात अर्धे सत्य आहे, आणि अर्धे सत्य हे अर्ध्या झिजलेल्या दोरासारखे असते. भार पडेपर्यंत ते टिकेल असे वाटते.

हा वाद आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या देशाने हेच काम केले आहे, आणि गंमत अशी की, ते ब्रिटनच्याच राज्यातून बाहेर पडताना केले आहे. त्या दिवशी अमलात आलेल्या संविधानाच्या ३९५ व्या कलमाने १९३५ चा इंडिया कायदा आणि १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा हे दोन्ही रद्द केले. परंतु ३७२ व्या कलमाने बाकीचे चालू कायदे तसेच पुढे ठेवले, आणि ते संविधानाशी जुळते करून घेण्याचा अधिकार राष्ट्रपतींना ठरावीक मुदतीसाठी दिला. मुदत आरंभी दोन वर्षांची होती; १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ती तीन वर्षे झाली. सत्तर वर्षांनी ब्रिटनच्या मंत्र्यांना मिळालेल्या दुरुस्तीच्या अधिकारालाही अशीच मुदत होती. स्वतंत्र झालेल्या प्रत्येक घराला पहिल्या दिवशी जुन्याच चुलीवर स्वयंपाक करावा लागतो. नवी चूल बांधेपर्यंत मुलांना उपाशी ठेवता येत नाही. त्यात कमीपणा काही नाही.

पण त्याच आपल्या इतिहासात एक धडाही आहे. १८६० च्या दंडसंहितेत चोरीची कलमे होती, तशी राजद्रोहाची १२४-अ ही पुढे घातलेली कलमही होती. लोकमान्य टिळकांना १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली शिक्षा झाली ती याच कलमाखाली. १९५० साली कायदे जुळवून घेताना त्यातले राणीचे नाव गेले, कलम राहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवावे म्हणून मे २०२२ उजाडावे लागले, आणि सबंध दंडसंहितेची जागा नव्या संहितेने घेतली ती १ जुलै २०२४ रोजी. चोरीचे कलम इंग्रजाने लिहिले म्हणून ते वाईट ठरले नाही. चोरी पुण्यातही चोरी आणि लंडनमध्येही चोरीच. राजद्रोहाचे कलम मात्र राज्यकर्त्याच्या गरजेतून जन्मले होते. नुसते नाव खोडून ते आपले झाले नाही.

म्हणजे घेतलेल्या नियमाकडे पाहताना एक भेद करावा लागतो. काही नियम वस्तूच्या स्वभावातून येतात आणि काही माणसांच्या निवडीतून. दोर किती ताण सोसतो, तारा किती तुटल्या म्हणजे तो बदलावा, हे ठरविताना देशाभिमान उपयोगी नाही. त्याला वेगळेपणासाठी वेगळे होणे परवडत नाही. ब्रिटनची मानके ठरविणारी संस्था युरोपच्या मानक-मंडळात वेगळे निघाल्यावरही सभासद राहिली, यात मला शहाणपण दिसते. तसेच नव्या ‘यूकेसीए’ चिन्हाची सक्ती पुनःपुन्हा पुढे ढकलीत शेवटी १ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने अनेक वस्तूंच्या बाबतीत जुने ‘सीई’ चिन्ह बेमुदत मान्य करण्याचे जाहीर केले. थट्टेखोरांना हसू आले. मला मात्र यात शरम वाटण्यासारखे काही दिसत नाही. शेजाऱ्याने प्रामाणिकपणे केलेल्या वजनाला खरे म्हणणे म्हणजे त्याचे दास होणे नव्हे. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे वाईट ते ओंजळ दुसऱ्याची म्हणून नव्हे, तर पाणी कसे आहे हे न पाहता आपण ते घशाखाली घालतो म्हणून.

परंतु सगळेच नियम पोलादाच्या स्वभावातून येत नाहीत, आणि येथे अभिमानी माणसाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्याच युरोपीय नियमात एक सवलत आहे. १ जानेवारी १९८६ पूर्वी सुरू झालेले, अजून चालू असलेले, रचनेत मोठा बदल न झालेले आणि एखाद्या देशाने ऐतिहासिक वा सांस्कृतिक ठेवा म्हणून मानलेले रज्जुमार्ग या नियमाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. ही सवलत कोणा दोराने मागितली नव्हती. जुन्याची माया आणि प्रवाशाचा जीव यांच्यात माणसांनी केलेला हा तोल आहे. आता लिस्बनकडे पाहा. तेथील ग्लोरिया नावाची, दोराने चढणारी गाडी १८८५ सालची. शहराचे भूषण, २००२ पासून राष्ट्रीय स्मारक. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिचा दोर जोडापाशी सुटला, गाडी उतारावरून धावत सुटली आणि सोळा माणसे मेली. तो दोर माणसे वाहून नेण्यासाठी प्रमाणित केलेलाच नव्हता, असे तपास करणाऱ्यांच्या प्राथमिक अहवालात आले. त्याच दिवशी सकाळी गाडीची नेहमीची पाहणी झालेली होती. पण दोर ज्या जागी सुटला ती जागा सुटे भाग काढल्याशिवाय दिसणारी नव्हती.

या अपघाताचे खापर मी त्या सवलतीवर फोडीत नाही. तसे म्हणण्याला मजजवळ आधार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, कोणते मार्ग नियमाच्या आत आणि कोणते बाहेर, पाहणी दररोज करावयाची की सुटे भाग काढून करावयाची, तिचा खर्च तिकिटातून काढावयाचा की सरकारी तिजोरीतून, हे प्रश्न गणिताचे नाहीत. ते आपण एकमेकांच्या जिवाची किंमत किती मानतो याचे आहेत. आणि असे प्रश्न ज्या लोकांचे जीव टांगलेले आहेत त्यांनीच सोडविले पाहिजेत. स्वराज्याला येथे खरा अर्थ आहे.

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. नियम कोणाचा हे आपण एवढ्या हिरिरीने विचारतो. पण नियम आणि दोर यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. ९ मार्च १९७६ रोजी इटलीत काव्हालेझे येथे दोरावर दोर चढून एकाने दुसरा कापला आणि पाळणा दरीत कोसळला. त्रेचाळीस माणसे गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. अपघात टाळू शकणारी आपोआप थांबविणारी योजना तेथे होती; ती बंद करून ठेवलेली होती. युरोपचा नवा नियम ज्या तारखेला मंजूर झाला ती या दुर्घटनेची बरोबर चाळिसावी पुण्यतिथी होती. हा योगायोगच असेल. पण मला तो विसरवत नाही.

आणि एवढे नियम झाल्यावर, त्याच इटलीत, २३ मे २०२१ रोजी मोत्तारोने डोंगरावर ओढणारा दोर तुटला. पाळणा वरच्या स्थानकाच्या तोंडाशी आलेला होता. अशा वेळी मुख्य दोराला घट्ट धरून ठेवणारा संकटकाळचा ब्रेक असतो. तो होता. पण तो मधूनमधून उगाच अडकत होता आणि गाड्या थांबवीत होता. म्हणून तो लागूच नये यासाठी त्यात लोखंडी खुटी अडकवून ठेवलेली होती. पाळणा मागे घसरला. चौदा माणसे मेली. पाच वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला.

येथे कायद्यात उणीव कोणती होती? चिन्ह होते, मानके होती, ब्रेकही होता. उणीव होती ती एका समजुतीत. ब्रेक हा प्रवाशासाठी आहे ही गोष्ट विसरली गेली होती आणि तो धंद्यातली अडचण वाटू लागला होता. ज्याला नियमाचे कारण ठाऊक असते, तो खुटी हातात घेताना थबकतो. ज्याला नियम केवळ वरून आलेला हुकूम वाटतो, त्याला तो चुकविण्यात चातुर्य दिसते. मग तो हुकूम ब्रुसेल्सचा असो, लंडनचा असो की मुंबईचा.

वर्गात हे रोज दिसते. शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरविणाऱ्या मुलाचे उत्तर बरोबर असते, आणि बरोबर म्हणून गुणही मिळतात. पण आकडे बदलून तेच गणित दिले की तो पोर खिडकीबाहेर पाहू लागतो. ब्रिटनने उतरवून घेतलेले नियम आज बरोबर आहेत. उद्या एखादा नवा प्रकारचा दोर निघेल, युरोपात त्याच्यासाठी नियम बदलेल, आणि ज्या टेबलाभोवती बसून तो बदलावयाचा तेथे ब्रिटनची खुर्ची नसेल. तेव्हा दोनच वाटा राहतील. न विचारता पुन्हा उतरवून घेणे, किंवा स्वतः विचार करणे. स्वतः विचार करावयाचा तर अभियंते लागतात, तपासनीस लागतात, पैसा आणि धीर लागतो. स्वातंत्र्याची खरी किंमत ही, आणि ती मिरवणुकीच्या दिवशी भरावी लागत नाही. नंतर वर्षानुवर्षे हप्त्याने भरावी लागते.

ती भरता येते याचे एक उदाहरणही त्याच देशात आहे. स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म डोंगरावरची दोराने चढणारी रेल्वे २००१ साली सुरू झाली. तिच्या खालच्या बांधकामात दोष आढळला म्हणून सप्टेंबर २०१८ मध्ये ती बंद केली गेली. दुरुस्ती होऊन जानेवारी २०२३ मध्ये ती उघडली, आणि काम पुन्हा समाधानकारक वाटेना म्हणून त्याच वर्षी पुन्हा बंद केली गेली. डोंगरावरच्या पर्यटनाचे नुकसान झाले, टीका झाली, खर्च वाढला. पण माणूस मेला नाही. बाहेर राजधानीत कायद्याच्या पुस्तकातले शब्द बदलले जात होते, तेव्हा येथे कोणी तरी “नाही, अजून नाही” म्हणून गाडी थांबवून धरली होती. या दोन कामांपैकी नियम खरोखर आपला करणारे काम कोणते, हे मला विचाराल तर मी दुसरे म्हणेन.

कारण नियम आपला होतो तो त्यावर आपला शिक्का मारल्याने नव्हे, आणि तो शेजाऱ्यापेक्षा वेगळा केल्यानेही नव्हे. त्याचे कारण आपल्याला सांगता येईल, तो पाळण्यासाठी आपण नुकसान सोसू, आणि तो मोडला तर “वरून तसे आले होते” असे न म्हणता उत्तर द्यावयाला पुढे उभे राहू, तेव्हा तो आपला होतो. पाळण्यात पाय ठेवणारा प्रवासी कायद्याचे पुस्तक वाचून येत नाही. तो आपल्या मुलाचा हात धरून येतो आणि कोणा अनोळखी माणसाच्या कर्तव्यबुद्धीवर दोन जीव सोपवितो. त्या विश्वासाला पात्र ठरणे हे राष्ट्राचेही काम आहे आणि पान्हा हातात घेऊन उभ्या असलेल्या एकट्या माणसाचेही.

दिवाळीच्या सुटीत आपल्यातले कित्येक जण मुलाबाळांसह रायगडाला जातील आणि पायऱ्या टाळून रोपवेने वर चढतील. पाळणा जमीन सोडील तेव्हा एखादे मूल हमखास विचारील, “हा दोर तुटला तर?” आपण बहुधा त्याला गप्प करतो किंवा हसतो. त्याऐवजी उतरल्यावर तेथल्या माणसाजवळ जाऊन त्या मुलासमोरच विचारावे की, बाबा, हा दोर कोण पाहतो, आणि शेवटचा कधी पाहिला? प्रश्न विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. आणि ज्याने दोर खरोखर पाहिला आहे, त्याला तर असा प्रश्न विचारणारा माणूस भेटल्याचा आनंदच होईल.